राधानगरी साधी, मार्गे व्हरांडा

अक्काताई मगदूम यांचा आवाज जिल्ह्यात जितक्या लोकांनी ऐकला, तितक्यांनी कुठल्या आमदाराचा ऐकला नसेल. आणि आमदारापेक्षा त्यांच्या शब्दावर लोकांचा भरवसाही जास्त होता. एकतीस वर्षं त्या एसटी स्टँडच्या काचेच्या खोलीत बसून गाड्या पुकारत होत्या. आवाजाला चढ नाही, उतार नाही, कुणाविषयी माया नाही की राग नाही. तो आवाज 'कुरुंदवाड' म्हणाला की बाया पिशव्या उचलत, गडी विड्या विझवत आणि शंभरभर पाय एकाच दिशेला सुटत. चेहरा मात्र कुणी पाहिला नव्हता. काचेवर वेळापत्रक चिकटवलेलं होतं.

निवृत्तीनंतर सगळं उलटं झालं. चेहरा सगळ्यांना दिसू लागला आणि आवाज कुणाला ऐकू येईना. मुलगा अभिनंदन मोबाइलमधून मान वर न काढता 'हो आई' म्हणे. कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्यात, गॅस बंद करा, हे त्या तीनदा सांगत आणि चौथ्या शिट्टीला स्वतः उठत. ज्या बाईच्या एका वाक्यावर अख्खा शिरोळ तालुका धावला, तिच्या सांगण्यावरून घरातलं एक माणूस जागचं हलेना. याचं त्यांना नऊ वर्षं वाईट वाटत होतं. ते त्यांनी कधी पुकारलं नाही, इतकंच.

तेव्हा शहरातल्या एका धर्मादाय हॉस्पिटलनं आपल्या रेडिओसाठी ज्येष्ठ स्वयंसेवक हवेत अशी पाटी लावली आणि अक्काताई सदुसष्टाव्या वर्षी अर्ज घेऊन गेल्या. रेडिओ म्हणजे जिन्याखालची खोली, एक माईक आणि प्रत्येक वॉर्डाच्या भिंतीवर एक स्पीकर. आधीचे स्वयंसेवक निवृत्त प्राध्यापक होते. ते रोज तासभर 'आजारपण : एक चिंतन' या विषयावर बोलत. रुग्णांनी सह्यांचं निवेदन दिल्यावर त्यांना मानानं सल्लागार समितीवर घेण्यात आलं.

हॉस्पिटलचे प्रशासक पृथ्वीराज हे व्यवस्थापन शिकून आलेले तरुण गृहस्थ. त्यांनी अक्काताईंना सांगितलं की रेडिओवर हसू ऐकू येतं, तेव्हा आवाजात जरा हसू आणा. अक्काताईंनी आणलं. आयुष्यभर न हसता बोललेल्या बाईनं हसून बोलायला घेतलं की जे होतं ते झालं. त्या आहाराची माहिती हसून सांगत, सुविचार हसून वाचत, मूतखड्याची लक्षणंही हसून सांगत. अस्थिविभागात कुणीतरी स्पीकरच्या जाळीत कापूस कोंबला. कापूस तिथं मुबलक.

तीन आठवड्यांनी पृथ्वीराजांनी खुर्ची पुढं करून सांगितलं की महिनाअखेरपर्यंत एकाही वॉर्डानं रेडिओची आठवण काढली नाही, तर स्पीकरवर बासरीची ध्वनिफीत लावणार. बासरी हसत नाही आणि रजाही मागत नाही. अक्काताई बरं म्हणाल्या आणि जिन्याखाली गेल्या. घरी सून विचारी, आज काय सांगितलंत? त्या म्हणत, जे रोज सांगते तेच. आता हेही गेलं की पुन्हा कुकर होता.

त्या आठवड्यात एका सकाळी अकराला फिजिओथेरपिस्ट रुचितानं घाईघाईनं चिठ्ठी पाठवली : अस्थिविभागातल्या रुग्णांनी चालण्याच्या व्यायामासाठी व्हरांड्यात यावं. चिठ्ठीवर वेळ होती, ठिकाण होतं. असा कागद हातात आला की अक्काताईंच्या गळ्याला दुसरं काही सुचत नसे. हसू आपोआप गळालं.

"प्रवाशांनी इकडे लक्ष द्या," त्या म्हणाल्या.

कापूस असूनही ते ऐकू गेलं. एका क्षणात तीन वॉर्डांतली बोलणी थांबली. भेटायला आलेल्या मंडळींनी पिशव्या उचलल्या. एक पावणे डबा अर्धा टाकून फाटकापर्यंत धावले आणि तिथं त्यांना आठवलं की आपण स्वतःच्या मोटरसायकलवर आलोय. कौलवच्या केरबांचा गुडघा नवा बसवलेला. ते वॉकरसकट दारात येऊन विचारत होते, कुठली लागली?

पृथ्वीराजांनी अक्काताईंना बोलावून घेतलं आणि हे हॉस्पिटल आहे, स्टँड नव्हे, हे समजावून सांगितलं. आजच थांबू या, असंही म्हणाले. तेवढ्यात रुचिता आत आली. तिनं सांगितलं की ती महिनाभर गोड बोलून, रागावून, तक्ते दाखवून थकलीय. आज पहिल्यांदा न सांगता सात माणसं पलंगावरून उतरली. आणि बाळाबाईंनी पाय खाली सोडून चपला मागितल्या.

बाळाबाई म्हणजे राधानगरीकडची सत्तरीची बाई. गोठ्यात घसरून खुबा मोडला, ऑपरेशन नीट झालं, पण आठ दिवस झाले तरी त्या उभ्या राहत नव्हत्या. डॉक्टर म्हणत, आता चालल्या नाहीत तर कायमच्या अंथरुणाला. त्या म्हणत, चालून जाऊ कुठं? म्हशी विकल्या लेकानं.

पृथ्वीराजांनी विचार केला. बाळाबाई चालल्या तर हॉस्पिटलचाही बऱ्या झालेल्या रुग्णांचा आकडा सुधारणार होता. उद्याचा एक दिवस देतो, ते म्हणाले. त्या बाई व्हरांड्याच्या टोकापर्यंत गेल्या तर माईक तुमचा. नाहीतर बासरी.

दुसऱ्या दिवशी रुचितानं व्हरांड्याच्या टोकाला एक खुर्ची ठेवली, कापूस काढला आणि फोन कानाला लावून वॉर्डाच्या दारात उभी राहिली. फोनच्या दुसऱ्या टोकाला, जिन्याखाली, अक्काताई. बरोबर अकराला आवाज आला : कोल्हापूरहून राधानगरीला जाणारी साधी गाडी, मार्गे पुईखडी, हळदी, भोगावती, वॉर्ड क्रमांक चारच्या दाराशी लागली आहे.

पाच-सहा जण हसत उठले. बाळाबाईंनी स्पीकरकडं पाहिलं आणि कूस बदलली.

"म्हातारी हाय, खुळी न्हाय," त्या भिंतीला म्हणाल्या. "हितं कुठली गाडी."

रुचितानं फोनवर तेवढंच सांगितलं : काकू, उठत नाहीत.

जिन्याखाली अक्काताईंनी फोन माईकशेजारी ठेवला. गाडी पुकारली म्हणून माणूस धावत नाही, हे त्यांना काचेतून एकतीस वर्षं दिसलं होतं. माणूस धावतो तो जागेसाठी. गाडी अजून थांबलेली नसते आणि खिडकीतून टॉवेल, टोप्या, एकदा तर तान्हं मूल आत टाकून जागा धरलेली त्यांनी पाहिली होती. त्यांनी बटण दाबलं. आवाजात काहीही नव्हतं.

"राधानगरी गाडीत बसायला एकच जागा शिल्लक आहे."

व्हरांड्यात आलेल्या केरबांनी टोकाच्या खुर्चीकडं पाहिलं आणि वॉकर वळवला. उघड्या दारातून बाळाबाईंना त्यांची पाठ दिसली. त्या उठून बसल्या. उशीखालचा टॉवेल त्यांनी रुचिताच्या अंगावर फेकला.

"बघती काय, टाक की जाऊन!"

रुचिता धावली आणि टॉवेल खुर्चीवर टाकून आली. केरबा थांबले नाहीत. पुढचा पाय टाकत म्हणाले, "टॉवेल टाकला म्हून जागा होत न्हाय बाळाबाई. गाडी सुटायच्या आत माणूस यायला पायजे."

कायदा बरोबर होता. बाळाबाईंना तो मान्यही होता. त्यांनी पाय खाली सोडले, वॉकर धरला, दात आवळले आणि आठ दिवसांत पहिल्यांदा उभ्या राहिल्या. रुचिता फोनवर सांगत राहिली आणि अक्काताई थांबे पुकारत राहिल्या. वजनकाट्याशी पुईखडी. खिडकीशी हळदी, तिथं बाळाबाई दम खायला थांबल्या आणि गाडीही थांबली. परिचारिकांच्या टेबलाशी भोगावती. तिथं त्यांनी केरबांना मागं टाकलं. केरबा नेमके त्याच वेळी वॉकरचा रबर तपासायला वाकले होते; का वाकले, हे त्यांना कुणी विचारलं नाही. वॉर्डातली मंडळी दाराशी गोळा होऊन 'सरका, सरका, गाडी येतीया' म्हणत होती. पृथ्वीराजही सरकले.

बाळाबाईंनी टॉवेल उचलला, झटकला आणि बसल्या. टॉवेलनं तोंड पुसून केरबांना म्हणाल्या, "हुबं ऱ्हावा आता कौलवपत्तूर."

जिन्याखाली रुचिताचा फोन सुरूच होता. त्यातून टाळ्या ऐकू येत होत्या. अक्काताईंनी डोळे पुसले आणि बटण दाबून, गाडी राधानगरीला वेळेवर पोचली आहे, असं जाहीर केलं.

दुपारी पुरुष वॉर्डानं लेखी मागणी केली की संध्याकाळी कुरुंदवाडची जादा सोडावी. पृथ्वीराजांनी तो कागद वार्षिक अहवालासाठी ठेवून घेतला आणि बासरी कपाटात गेली.

बाळाबाई दहा दिवसांनी घरी निघाल्या, काठी टेकत. जाताना त्यांनी हट्टानं जिन्याखालची खोली दाखवायला लावली. दारात उभं राहून त्यांनी अक्काताईंना पायांपासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"तू व्हय ती? भाचीच्या बारशाला तुझ्यापायी गाडी चुकली माझी. चाळीस वर्षं झाली."

आयुष्यात पहिल्यांदाच एक प्रवासी समोर उभं राहून बोलत होता. अक्काताईंनी हिशेब केला. चाळीस वर्षांपूर्वी त्या नोकरीला लागून महिना झाला असेल.

"गाडी वेळेवर सुटली होती," त्या म्हणाल्या, आणि या वेळी कुणी न सांगता हसल्या.