बँकेच्या जाहिरातीतली मेल्चोरा

मेल्चोरा वामान आमच्या गावात बटाटे लावते, लोकरीसाठी अल्पाकांचा कळप राखते आणि फारसं बोलत नाही. तिचा हसरा चेहरा मात्र पेरूतल्या कुस्को शहराच्या निम्म्या बसगाड्यांवर आहे. एका बँकेची जाहिरात. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलंय, ‘माझं स्वप्न पूर्ण झालं!’ कसलं डोंबलाचं स्वप्न! फोटो काढणाऱ्याची टोपी वाऱ्याने उडाली म्हणून ती हसली होती. नंतर त्याने एक कागद पुढे केला. फोटोची प्रत घरी पाठवायची म्हणून असेल, अशा समजुतीने तिने अंगठा उमटवला. साखरेची एक पिशवी आणि त्या कागदाची नक्कल मिळाली. फोटो काही आला नाही.

ज्याचं बरं चाललंय त्याने संत सान्तियागोच्या उत्सवात गावजेवण घालायचं, ही आमची रीत. यंदाच्या बैठकीत सगळ्यांनी मेल्चोराचं नाव घेतलं.

“माझ्याकडे काही नाही हो,” ती म्हणाली.

“बसवर मिरवतेस, आणि गावाला वाढायची वेळ आली की काही नाही?” म्हातारा एउलोहियो फिस्कारला. “बँक काय फुकट तोंड छापते?”

तिने तो कागद माझ्या हातात दिला. मी शाळामास्तर, असले कागद माझ्याच वाट्याला येतात. स्पॅनिश वाचून मी आमच्या क्वेचुआ बोलीत सांगितलं: हा फोटो जगात कुठेही, कशासाठीही, कायमचा वापरता येईल, बाईला साखरेची एक पिशवी दिली आहे, आणखी काही देणं लागणार नाही.

मग एउलोहियोची बायको म्हणाली, “अगं बाई, पिशवीभर साखरेवर तोंड विकलंस?”

सगळी बैठक फिदीफिदी हसली. मला चीड आली, पण ओरडायचं त्राण नव्हतं. असे कागद वाचून वाचून मी थकलोय.

मेल्चोराने कागद माझ्याकडून काढून घेतला. “मास्तरांना नीट वाचता आलं नाही,” ती म्हणाली. “पैसे मिळालेत मला. जेवण मी घालते.”

बैठक उठल्यावर मी तिला गाठलं. “अगं, कुठून आणणार आहेस?”

“विकीन अल्पाका. ते हसणं नाही सोसवत मला.” चार पावलं चालून ती थांबली. “मास्तर, कायमचा म्हणजे मी मेल्यावरसुद्धा?”

“हो.”

“म्हणजे तेव्हाही हसतच राहायचं,” ती म्हणाली, आणि विकायची जनावरं निवडायला कळपाकडे निघाली.