ओरखडा हाय तवर

मार्चात धारूरच्या आमच्या गल्लीत बातमी फिरली, की किराणावाले चन्नप्पा चोरून कोंबडं कापून खातात. गळ्यात लिंग, कपाळावर भस्म, दुकानात अंडीसुद्धा न ठेवणारा माणूस! पण शेजारच्या चंद्रभागाबाईंनी गच्चीवर कुरडया घालताना स्वतः पाहिलं होतं. "म्या सांगते ना, परसात दोरीवर लालभडक फडकी! एक न्हाई, सात! बायकू पुण्याला, घरात इचारायला कोन हाय?" 'सात' म्हणताना त्या डोळे असे फाडतात, की ऐकणाऱ्याला सत्तर वाटावीत.

कोंबडं नव्हतं. मोटार होती.

चन्नप्पांची जुनी लाल मारुती परसातल्या लिंबाजवळ तीन वर्षं उभी होती. लेक अपेक्षा बाळंत झाली, शांतादेवी नातवाला सांभाळायला पुण्याला गेल्या, नातू चालायला-बोलायला लागला तरी तिकडच्याच झाल्या. मग गाडीत बसायला माणूसच उरलं नाही. उन्हानं लाल रंग विटून गुलाबी झाला, वर पांढरी भुकटी धरली, बॉनेटवर मांजरीनं रेघोट्या ओढल्या. असल्या जुन्या रंगावर पॉलिश घासलं की वरचा मेलेला थर फडक्यावर उतरतो. चंद्रभागाबाईंचं रक्त ते हेच.

बीडच्या एखाद्या गॅरेजवाल्यानं हे काम दोन दिवसांत केलं असतं. पण मग गावाला कळलं असतं, आणि अडचण तीच होती.

गाडीच्या डाव्या दारावर हातभर ओरखडा होता. नऊ वर्षांपूर्वी राधाकिशनच्या ट्रॅक्टरमागच्या ट्रॉलीचा कोयंडा भर बाजारात घासला, त्याचा. राधाकिशन म्हणजे चौथीपासूनचा जोडीदार. रोज संध्याकाळी शेतातून येऊन दुकानाच्या फळीवर बसायचा आणि मूठमूठ फुटाणे फस्त करायचा. त्या दिवशी तो ट्रॅक्टरवरून उतरला, दार बघितलं आणि हसला. "कावून बोंबलायलास बे चन्न्या? गाडीच हाय, तुझी पोरगी न्हाई!"

बाजार हसला. चन्नप्पा पेटले आणि सगळ्यांदेखत बोलून गेले, "हा ओरखडा हाय तवर तुझं तोंड बघनार न्हाई!"

बोलले ते बोलले. ओरखडा मुद्दाम ठेवला. राधाकिशन रस्त्यानं दिसला की चन्नप्पा तराजूकडे तोंड फिरवायचे. शांतादेवी घरात होत्या तोवर ते निभलं. आता रोजचं बोलणं म्हणजे पुण्याचा फोन.

"जेवलात का?"

"जेवलो की."

"काय केलंत?"

"केलं की."

फोन ठेवायचा आणि मुरमुऱ्यांचा डबा उघडायचा.

फेब्रुवारीत एक गिऱ्हाईक सहज बोललं, राधाकिशनला काचबिंदू झालाय. एक डोळा गेला, दुसऱ्यानं नुसता उजेड कळतो. चन्नप्पा साखरेची पुडी बांधत होते. ती सुटली. पुन्हा बांधली, पुन्हा सुटली. आपण त्याचं तोंड बघणार नाही म्हणालो, आणि इकडं त्यालाच आपलं तोंड दिसायचं बंद झालं.

शब्द तर मोडता येत नव्हता. ओरखडा पुसायला मात्र कुणाची बंदी होती?

मग रोज दुपारी दुकान बंद करून परसात काम सुरू झालं. मोबाइल डब्याला टेकवायचा, त्यात एक हिंदी बोलणारा कारागीर. "दोस्तों, पहले गाड़ी अच्छे से धो लीजिए."

"धुतली."

"अब खरोंच पर नाखून फेरिए. नाखून अटके, तो खरोंच गहरी है."

"अडकतंय की हो."

"कैसा लगा, जरूर बताइए."

"लई बरं वाटलं," चन्नप्पा सांगायचे आणि तोच व्हिडिओ पुन्हा लावायचे. तेवढंच परसात कुणी बोलतंय.

मांजरीच्या रेघोट्या घासून गेल्या. दाराचा ओरखडा जाईना. त्यात काडीनं रंगाचा थेंब थेंब भरायचा, वाळू द्यायचा, पाणी लावून बारीक पॉलिशपेपरनं सपाट करायचा. भरलेला रंग उठून दिसू नये म्हणून अख्खी गाडी घासून मूळ लाल रंगावर आणायची. विसाव्या दुपारी दाराच्या मुठीपासून मागपर्यंत नख कुठंच अडकलं नाही. त्यांनी मान वर केली, तर दाखवायला परसात कुणी नव्हतं.

तेवढ्यात भिंतीपलीकडून हुबेहूब त्यांच्याच आवाजात "जेवलो की" ऐकू आलं. ही प्रस्तुत लेखिका, शेजारची नकलाकार पोर. चन्नप्पांनी तिलाच बोलावलं. "ये गं चावट, सांग ओरखडा कुठं व्हता."

सापडला नाही. तिनं दोनदा हात फिरवला.

"राध्याला घावंल," चन्नप्पा म्हणाले.

"आण्णा, त्यांना दिसत न्हाई!"

"घावंल. न्हाई घावला तर रेवड्यांची बरणी तुझी. घावला तर महिनाभर माझी नक्कल बंद."

दुसऱ्या दिवशी नवी बॅटरी घातलेली लाल गाडी बाजारातून गेली आणि राधाकिशनच्या अंगणात थांबली. तो बाजेवर होता. "कोन हाय?" चन्नप्पांनी त्याचा हात धरून गाडीच्या दाराशी आणला.

"गेला ओरखडा," एवढंच म्हणाले.

राधाकिशनचा तळवा मुठीवरून मागं सरकत गेला, थांबला, वीतभर परत आला. बोट टेकलं ते नेमकं जिथून कोयंडा घासत गेला होता तिथं.

"हितनं. तवाच बघितलं व्हतं म्या, नीट." तो चन्नप्पांच्या खांद्यापलीकडे कुठंतरी बघत होता. "लई दिवस लावलेस बे, चन्न्या."

चन्नप्पांनी खिशातून फुटाण्यांची पुडी काढून त्याच्या हातावर ठेवली आणि बोटं मिटवली.

मागच्या सीटवरून प्रस्तुत लेखिकेनं बघितलं आणि पैज हरली. महिनाभर तोंडानं नक्कल बंद. लिहून नक्कल करण्याबद्दल मात्र काही ठरलं नव्हतं.