हात न उचलता

आम्हा नवरा-बायकोची शेवटची खरेदी म्हणजे भाचीच्या लग्नासाठी घेतलेला स्टीलचा डबा. दुकानात नाव घालायचं मशिन घरघरायला लागलं, तशी यमुना त्या माणसाला म्हणाली, "दादा, सावकाश. माझं नाव कुठं पळून जात नाही." आठवड्याच्या आत ती वारली.

तेराव्याला वाटायला मुलानं वाट्या आणल्या. त्यांच्यावरचं तिचं नाव बघून मला शिसारी आली. गटारीतल्या जंतांसारख्या वळवळत्या रेघा. य कुठला, म कुठला, काही कळेना.

"हे काय रे?"

"आबा, कर्सिव्ह म्हणतात याला. म्हणजे धावतं अक्षर. हात न उचलता लिहायचं."

धावतं! ती बाई गुडघे धरून जिना उतरायची. मी चौथी शिकलेला, पण एवढं कळतं की घाई लिहिणाऱ्याला असते, नावाला नसते. लोक दुःखही असंच उरकतात. "वाईट झालं" म्हणतात, वाटी पिशवीत टाकतात आणि निघतात. मी तरी कोण मोठा? जन्मभर तिला हाक मारली ती पुढं चालता चालता, मागं न बघता. त्याचीही किळस येते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा चहाचा पेला, खिळा आणि हातोडी घेऊन उंबऱ्यावर बसलो. पूर्वी भांड्यावर ठोकून नाव घालायचे, तसा एकेक ठिपका ठोकला, दर ठिपक्याला हात उचलून. जेवणवेळेपर्यंत 'यमुना' पुरं झालं. वाकडं आहे, पण वाचता येतं.