आतड्याचं बोलावणं

"भाऊ, आजही एकही पेशी खाली उतरली नाही," मायक्रोस्कोपवरून डोळा न काढता मॅडम म्हणाल्या.

तिसऱ्यांदा तेच. मोठ्या साहेबांनी बजावलं होतं, शनिवारपर्यंत निकाल दाखवा, नाही तर खोली रिकामी करा. खोली गेली की मॅडमचं चार वर्षांचं काम गेलं, आणि माझी नोकरीही.

मी चौथी शिकलेला. त्या वर्षांत कपाशीचं काही खरं राहिलं नव्हतं, म्हणून पातूरकडचं शेत भावाच्या हवाली केलं आणि अकोल्यात एका लॅबमध्ये बाटल्या धुवायला लागलो. टेक्निशियन बदलून गेला, तेव्हा मॅडमनी मलाच थेंब टाकायला शिकवलं.

काम साधं होतं. रक्तातल्या पांढऱ्या पेशी म्हणजे अंगाचे राखणदार. आतड्यात खाण्यासोबत रोज जंतू जातात, तिथं राखण जास्त लागते. पण पेशीला डोळे कुठं? आतडं एक केमिकल सोडतं. ज्या बाजूला ते जास्त, त्या बाजूला पेशी सरकते. मॅडमना हे प्लेटमध्ये दाखवायचं होतं. खालच्या खड्ड्यात केमिकल, मध्ये बारीक भोकांची जाळी, वर साध्या द्रावणात पेशी. काही तास गरम पेटीत ठेवायचं आणि किती उतरल्या ते मोजायचं.

घरी भाकर वाढताना माझी बायको कमल रोज विचारायची, "आज काय केलं तुमच्या पेश्याइनं?" आता कोणी विचारत नाही.

त्या दिवशी मी सगळं सांगितलं. वरही एकेक थेंब केमिकल टाकतो, हेही बोलून गेलो.

"वर काहून टाकता?"

"खालच्याइले द्यायचं अन् वरच्याइले काईच नाई? पंगतीत कोनाचं पान कोरं ठेवते का?" गावच्या भंडाऱ्यात मी जन्मभर वाढलेलं.

ती हसत सुटली. "आवो, बुंदी फाटकातच वाटली तं मांडवात कोन येईन? त्याइले जागेवरच भेटून राह्यलं, त्या काहून उतरतीन?"

माझा घास हातातच राहिला.

सकाळी मॅडमसमोर उभा झालो. "मॅडम, चूक माझी हाये. मी वरबी टाकत होतो."

त्यांनी चष्मा काढला. "एकदा विचारायचं तरी मला! आणि आता कसं लक्षात आलं?"

"इचार केला मी," म्हणालो.

"केमिकलची शेवटची कुपी उरली आहे भाऊ. आता वर काही टाकलंत तर तुम्हालाच त्या पेटीत बसवीन."

शुक्रवारी प्लेट लावली. दुपारी मॅडमनी मायक्रोस्कोपमध्ये पाहिलं आणि मला बघायला खुर्ची दिली. खाली पेशीच पेशी. दुसऱ्या दिवशी साहेबांनीही पाहिलं. खोली राहिली.

पुढे मॅडमचा लेख छापून आला. शेवटी आभारात माझं नाव. कमलला वाचता येत नव्हतं. तिनं तो कागद शेजारच्या सलमाबीला दाखवला. "यायचं नाव इंग्रजीत आलं पाय," म्हणे. स्वतःबद्दल चकार शब्द काढला नाही. मीही तिच्याबद्दल नाही काढला.

मागच्या साली ती गेली. मग मॅडमना फोन करून खरं काय ते सांगितलं. त्या म्हणाल्या, "भाऊ, छापलेलं आता बदलत नाही."

काम कळलं नाही तर आधी विचारावं. आणि कोणी सांगितलं तर त्याचं नाव तिथल्या तिथं घ्यावं. मी घेतलं नाही, म्हणून इथं लिहितो. चूक माझी होती. ती कमलनं पकडली.