रिपोर्टातला वारा

आमच्या ऑफिसात हवेची नोंद ठरल्या वेळी लिहावीच लागते. किस्से कोणी लिहीत नाही, तरी साठतात तेच! नाशिकबाहेरच्या एका छोट्या धावपट्टीवर मी हवामानाचा रिपोर्ट बनवतो. त्यात वाऱ्याची दिशा खऱ्या, म्हणजे ट्रू, उत्तरेपासून मोजतात. टॉवरवाले वैमानिकाला रेडिओवर सांगतात ती मात्र होकायंत्राच्या, म्हणजे मॅग्नेटिक, उत्तरेपासून. सगळी भानगड इथूनच सुरू होते.

* * *

एकदा आमचे पगारे साहेब आणि टॉवरच्या मॅडम यावरून तासभर भांडले. आमचे ड्रायव्हर निवृत्तीभाऊ, सिन्नरचे, चहा पीत ऐकत होते.

"दोन्हीत फरक किती हाय, साहेब?"

"आपल्या नाशकात? एका डिग्रीच्या आत."

"आन् रिपोर्टात लिवता कसं?"

"दहा-दहाच्या टप्प्यानं."

"मग लय झालं भांडण! गाडी काढू का?"

* * *

चांदवडची वैशाली आमच्या धावपट्टीवरच्या फ्लाइंग स्कूलमध्ये पायलट व्हायला आलेली. भलती हुशार, पण तोंडाने फटकळ. टेस्टला परीक्षक कॅप्टननी विचारलं, "रिपोर्टमधला वारा ट्रू की मॅग्नेटिक?"

"नाशकात काहीही धरा सर, चालतं!"

सरांनी तिथल्या तिथे नापास केलं. आता एकच संधी उरली, नाहीतर कोर्स सोडून घरी. पोरगी दोन दिवस धड जेवली नाही. मला फार वाईट वाटलं, कारण हे उत्तर चहा पिताना मीच तिला ऐकवलेलं होतं.

* * *

मध्यंतरी वाऱ्याचं यंत्र दुरुस्तीला उतरवलं. परत बसवताना अंबडहून आलेल्या मेकॅनिकने होकायंत्र खांबालाच टेकवलं आणि उत्तर धरली. खांब लोखंडी! सुई फिरली हे आम्हाला फार उशिरा कळलं. तेव्हापासून आमचा रिपोर्ट एक दिशा सांगायचा आणि धावपट्टीकडेचा विंडसॉक, तो कापडी मोजा, दुसरीच दाखवायचा.

वैशालीचे वडील तिला भेटायला आले, त्यांनी आल्या आल्या फळ्यावरचा रिपोर्ट आणि बाहेरचा मोजा बघून विचारलं, "ह्यो वारा आन् त्यो वारा येगळा कसा काय?"

"काका, ट्रू आणि मॅग्नेटिकमध्ये फरक असायचाच," पगारे साहेब म्हणाले.

"असंल बुवा!"

मीही मान डोलावली आणि रिपोर्टवर सही ठोकली.

* * *

शेवटच्या टेस्टच्या दिवशी कॅप्टन सरांनी आमचाच रिपोर्ट वैशालीपुढे सरकवला. "बोल, वारा कुठून?"

ती खिडकीतून विंडसॉककडे बघत राहिली. "सर, रिपोर्ट चुकलाय."

पगारे साहेब उठलेच. "अगं, ते ट्रू-मॅग्नेटिकचं..."

"ते इथं एक डिग्रीसुद्धा नाही, साहेब. हे तीस तरी असेल. मी या रिपोर्टवर उडणार नाही!"

सरांनी खालची सही बघितली.

"कोणाची?"

मी हात वर केला.

सरांनी खिडकीतून विंडसॉक बघितला. मग त्यांनी टोपी चढवली.

"ही माझ्याबरोबर उडणार. तुम्ही शिडी आणा, खांबावर चढायला!"