इंदूरहून ‘जड’ पेन आणताना

माझ्या वडिलांना, अण्णांना, रोजचं शब्दकोडं पेनानेच सोडवायचं असतं. खोडायची सोय ठेवून उत्तर लिहिणारी माणसं त्यांना आवडत नाहीत. पण गेल्या वर्षी त्यांचा हात थरथरायला लागला आणि अक्षरं चौकटीत मावेनाशी झाली. मग ते उत्तर सांगायचे, हात पुढे करून पेन मी घ्यायचे आणि लिहायचे. सकाळभर त्यांचं तोंड उतरलेलं असायचं आणि मला ते बघवायचं नाही. वजनदार पेनाने काहींचा हात थोडा स्थिर राहतो, असं डॉक्टर म्हणाले. इंदूरच्या छत्रीबागेत मिलिंदजी नावाचे एक गृहस्थ दगड, सुपारी, करवंटी, मिळेल त्याची पेनं करतात, असं एका मैत्रिणीने सांगितलं. वजन हातात धरल्याशिवाय कळत नाही, म्हणून कुरियरचा विचार सोडला. ‘वडिलांसाठी जड पेन करून ठेवा, घ्यायला येते’ असा मेसेज टाकला आणि नाशिकहून बस धरली.

दिवसाची बस घ्या, हा माझा सल्ला. धुळ्यापर्यंत ऊन आणि कंटाळा, पण सेंधव्याच्या घाटात गाडी वळणं घ्यायला लागली की झोप उडते. खलघाटला नर्मदेचा पूल आला तशी अर्धी बस खिडकीतून नाणी टाकायला उठली. मीही टाकलं, आणि अण्णांच्या हाताचं मागितलं. संध्याकाळी अन्नपूर्णा मंदिराजवळच्या साध्या लॉजवर उतरले. खोली स्वच्छ होती, पंखा मात्र मनाला येईल तेव्हा फिरायचा.

सकाळी पोहे-जलेबी. पोह्यांवर जीरावण हा इंदुरी मसाला भुरभुरून घ्या, लाजू नका, आणि शंभराच्या नोटेत दोघांचं पोट भरतं. तिथून ई-रिक्षाने छत्रीबाग. गल्ली इतकी अरुंद की शेवटचा तुकडा पायीच गेले.

मिलिंदजींची सून नेहा हिने मोठ्या हौसेने डबी पुढे केली. आत सुंदर तांबूस पेन होतं. उचललं तर पिसासारखं हलकं.

“हे जड नाहीये,” मी म्हणाले.

“असं कसं, दीदी? चिंचेची जड आहे. बाबांनी खास शोधून आणली.”

मला काही क्षण उमजेना. मग डोक्यात प्रकाश पडला. हिंदीत जड म्हणजे झाडाचं मूळ. मेसेज नेहाने वाचला होता आणि सासऱ्यांना सांगितलं होतं, जड का पेन पाहिजे.

मिलिंदजींनी कपाळाला हात लावला. “मला वाटलं, आजकाल लोक काहीपण मागतात. काल करवंटीचं मागितलं, आज जड का.”

“मग भारी लिहायचं ना, दीदी,” नेहा पडल्या चेहऱ्याने म्हणाली.

“आमच्याकडे भारी म्हणजे झकास,” मी म्हणाले. रागावायचं ठरवलं होतं, पण हसूच आलं. तीही हसली.

परतीची बस दुसऱ्या दिवशी सकाळची होती. मिलिंदजींनी कोपऱ्यातला काळा दगड उचलला. “टेंशन नका घेऊ. आजच करू, बसा.”

दगडाची कांडी कापून तिला मधोमध भोक पाडतात, वरून पाण्याची धार सोडून. घाई केली की दगड तडकतो. पहिला तडकलाच. मिलिंदजींनी लगेच दुसरी कांडी कापायला घेतली. पेन घेऊनच येते, असं अण्णांना मी सांगून आले होते. दुसऱ्या कांडीच्या वेळी नेहा सगळा वेळ पाणी धरून उभी राहिली. ही कांडी टिकली. मग आत पितळेची नळी बसवून लेथवर हळूहळू गोल केली. संध्याकाळी पेन माझ्या तळहातावर आलं तेव्हा हात खाली गेला. नेहाने मुळाचं पेनही पिशवीत टाकलं. “गलती माझी होती, हे गिफ्ट.”

घरी अण्णांनी दोन्ही पेनं तोलून पाहिली आणि सगळी हकिकत दोनदा ऐकली. मग कोडं पुढे ओढलं. थरथर थांबली नाही, पण दगडाच्या वजनाने ती मंद झाली. पहिली ओळ चौकटीत बसली. दुसरीत एक मात्रा निसटली. खर्च, घाट, लॉजचा तो पंखा, सगळं वसूल झालं.

कोडं झाल्यावर त्यांनी वर्तमानपत्राच्या समासात स्वतःच दोन वाकड्या चौकटी आखल्या.

“दोन अक्षरी शब्द,” ते म्हणाले. “त्यांच्याकडे झाडाला असतं, आमच्याकडे हे पेनच तसं आहे.”

आणि स्वतःच लिहायला लागले. ज बसला. ड चं पोट चौकटीबाहेर गेलं. सवयीने मी हात पुढे केला.

त्यांनी पेन दिलं नाही.