चाके ऐकणाऱ्याची टोपी

माझा धाकटा भाऊ एकतीस वर्षे मालगाड्यांच्या यार्डात चाके ऐकण्याच्या कामावर होता. हे काम काय असते, ते आधी सांगणे योग्य होईल. मालगाडी येऊन उभी राहिली की तो लांब दांड्याची हातोडी घेऊन तिच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जाई, प्रत्येक चाकावर एकदा हातोडी मारी आणि ऐके. चाक धड असेल तर ते टण्ण वाजते आणि तो नाद थोडा वेळ टिकतो. चाकाला तडा गेला असेल तर आवाज बसका येतो आणि जागच्या जागी मरतो. तसा आवाज आला की माझा भाऊ त्या डब्यावर खडूने फुली मारी व तो डबा गाडीतून काढला जाई. फुली मारायची राहिली तर तडकलेले चाक वाटेत फुटते आणि मागचे डबे पुढच्यांवर चढतात. त्याच्या नोकरीत असे एकदाही घडले नव्हते. यार्डातील माणसे त्याला चाकवैद्य म्हणत.

मी त्याची मोठी बहीण. माझे यजमान वारल्यापासून मी त्याच्याच घरी राहते, त्यामुळे पुढील सर्व हकिकत मी स्वतः पाहिलेली आहे.

यार्ड म्हणजे बारा रूळ टाकलेले उघडे मैदान होय. तेथे आडोशाला एक झाडही नाही. हिवाळ्यात वारा दोन डब्यांच्या फटीतून असा येतो की कोणी दार उघडे टाकून गेले आहे असे वाटावे, आणि पाऊस वरून न पडता बाजूने पडतो. त्या वर्षी माझ्या भावाचा डावा कान दुखू लागला. डॉक्टरांनी कानात दिवा धरून पाहिले, थेंब लिहून दिले आणि सांगितले, "कान झाकून काम करायचं."

"कान झाकले तर काम कसं करू?" भावाने विचारले.

"ते तुमच्या साहेबांना विचारा," डॉक्टर म्हणाले. "कान माझ्याकडे, काम त्यांच्याकडे."

त्यानंतर दोन महिन्यांत घरात चार टोप्या आल्या. पहिली लोकरीची, माझ्या भावजयीने स्वतः विणलेली. ती दुपारपर्यंत पाणी पिऊन एवढी जड होई की भाऊ मान कलती ठेवून घरी येई, आणि चुलीजवळ वाळत घातली की घरभर ओल्या मेंढीचा वास सुटे. दुसरी टोपी काठाची होती. वाऱ्याने ती दुसऱ्याच दिवशी उचलली. ती अकरा डब्यांखालून गेली आणि ज्या स्थितीत परत आली त्या स्थितीत तिला टोपी म्हणणे कठीण होते. तिसरी रेनकोटाच्या कापडाची शिवलेली टोपी. तिच्यावर पडणारा प्रत्येक थेंब तडतडे. चौथी टोपी कानांवर पाळ्या असलेली होती. भाऊ त्या पाळ्या वर करून डोक्यावर बांधून ठेवी.

"म्हणजे टोपीला थंडी वाजू नये म्हणून तुम्ही तिला डोकं दिलंय होय?" भावजय म्हणाली.

"पाळ्या खाली केल्या की ही आवाज खाते," भाऊ म्हणाला.

"पहिलीही खात होती. तिसरीही खात होती. टोप्या आहेत की उंदीर?"

भावाने यावर दोन दिवस विचार केला. कोणतीही गोष्ट वाजवून पाहिल्याशिवाय घेऊ नये, असे त्याचे मत होते, आणि टोपी मात्र आपण न वाजवता घेत आलो, ही त्याला स्वतःची चूक वाटली. आमच्याकडे बिडाच्या दोन कढया होत्या. एक धड होती. दुसरी मागच्या वर्षी भावजयीच्या हातून पडून तिला केसासारखा बारीक तडा गेला होता, आणि तीत आम्ही कोळसे ठेवत असू. भावाने दोन्ही कढयांच्या कडीला दोरी बांधली, कोळसे काढून ठेवले आणि म्हणाला, "चला, टोपी घेऊन येऊ."

त्या दिवशी त्याची सकाळपाळी होती. बेचाळीस डब्यांची एक गाडी तपासून, नोंदवहीत सही करून तो एक वाजता घरी आला होता. गाडी साडेपाचला सुटायची होती. आम्ही तिघे तीन वाजता पिशवीत कढया घालून निघालो. रस्त्यावर लोक छत्र्या मिटून हातात धरून चालले होते, कारण उघडलेली छत्री वारा ठेवत नव्हता.

दुकान छत्र्या, रेनकोट आणि टोप्यांचे होते. दुकानदार उंच, सडपातळ आणि घाई नसलेला असा मनुष्य होता.

"कशासाठी हवी टोपी?"

"थंडी, पाऊस आणि वारा, तिन्हींसाठी," भाऊ म्हणाला. "आणि ऐकू आलं पाहिजे."

"काय ऐकायचंय?"

"लोखंड."

दुकानदाराने थोडा विचार केला. "लोखंडाची वेगळी टोपी येत नाही," तो म्हणाला. "पण बघू."

मग त्याने समजावून सांगितले की पावसासाठी वरचे कापड मेणकापड असावे, थंडीसाठी आतून लोकर असावी, आणि वाऱ्यासाठी टोपीला काठ नसावा पण हनुवटीखाली बंद असावा. हे तीनही गुण असलेल्या चार टोप्या त्याच्याकडे होत्या. त्या त्याने पातळपासून जाडपर्यंत ओळीने मांडल्या. भावाने पहिली टोपी घालून बंद बांधले आणि तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. भावजयीने दोन हातांत दोन कढया दोरीला धरल्या. मी घरून आणलेले लोखंडी उलथणे घेऊन कधी या कढईवर तर कधी त्या कढईवर मारू लागले. भावाने प्रत्येक वेळी "धड" किंवा "तडा" असे सांगायचे, दहा वेळा. बरोबर आलेली मी बोटांवर मोजत होते.

पहिल्या टोपीत सहा बरोबर आली. दुसरीत पाच. तिसरीत सहा.

छत्री दुरुस्त करून घ्यायला आलेल्या एक बाई दारात उभ्या होत्या. त्यांनी दुकानदाराला विचारले, "हे वाजवणं कितीपर्यंत चालणार आहे? म्हणजे मी भाजी आणून येते."

"बसा बाई," दुकानदार म्हणाला. "एकच राहिलीय."

चौथी टोपी सर्वांत जाड होती, आतून मेंढीचे कातडे आणि कानांवर पाळ्या असलेली. तीत पाच आली.

भावाने बंद सोडले. "चारही आवाज खातात," तो म्हणाला. "तुमचा दोष नाही. मालच तसा येतो."

दुकानदाराला हे लागले. "माझ्या दुकानातल्या मालाबद्दल आजवर कुणी असं बोललेलं नाही," तो म्हणाला. त्याने तीच जाड टोपी उचलली, स्वतःच्या डोक्यावर घातली, हनुवटीखाली गाठ मारली आणि भिंतीकडे तोंड केले. "मारा, ताई."

मी मारले. त्याची दहापैकी दहा बरोबर आली.

"आणि सहाव्याच्या आधी या वहिनी 'आता उतरेल तोरा' असं पुटपुटल्या," तो वळून म्हणाला. "तेही ऐकू आलं."

छत्रीवाल्या बाईंनी कोणी न सांगता ती टोपी मागून घेतली. त्यांचीही दहा आली. त्या आनंदल्या होत्या, पण आमच्याकडे पाहून त्यांनी टोपी हळूच फळीवर ठेवली.

भाऊ उघड्या डोक्याने भिंतीकडे वळला. "आता अशीच मार, ताई," तो म्हणाला.

मी या वेळी जरुरीपेक्षा जोराने मारले, हे मला कबूल केले पाहिजे. दोन कढयांच्या आवाजांत एवढा फरक होता की रस्त्यावरचा मनुष्यही सांगू शकला असता. दहा झाल्यावर भावाने विचारले, "किती?"

"सात," मी म्हणाले.

तो बायकोकडे वळला. "किती?"

"पाच," ती म्हणाली.

पाच म्हणजे केवळ अंदाजाने बोलणाऱ्याचीही येतात. दुकानदार टोप्या पुसू लागला. त्या कोरड्याच होत्या.

मी भावाला बाजूला घेतले. "अरे, कान दुखतोय म्हणून होतंय," मी म्हणाले. "हिवाळा सरला की येईल ऐकू. सोळा महिने राहिलेत तुझे रिटायर व्हायला. इथं कुणी ओळखीचं नाही. कुणाला कळणार आहे?" मला जे वाटले ते मी बोलले. ते बरोबर होते असे माझे म्हणणे नाही.

त्याने माझ्या तोंडाकडे नीट पाहून माझे बोलणे पुरे होऊ दिले. मग तो म्हणाला, "ताई, साडेपाचची गाडी."

टोपी घ्यायची राहिली. आम्ही यार्डाकडे चालू लागलो. पाऊस समोरून येत होता. पिशवीतील कढया एकमेकींवर आपटत होत्या. वाटेत एकदा भावजयीने पिशवी छातीशी धरली, तेव्हा आवाज थांबला.

यार्डमास्तर शेगडीजवळ बसले होते. भिंतीवरच्या घड्याळात चार चाळीस झाले होते.

"साडेपाचची गाडी सोडू नका," भाऊ म्हणाला.

"का? काय सापडलं?"

"काही सापडलं नाही. तीच अडचण आहे."

यार्डमास्तरांनी आधी त्याच्याकडे, मग आमच्याकडे, मग पिशवीकडे पाहिले. भावाने त्यांना दुकानात झालेला प्रकार टोप्यांसकट सांगितला. शेवटी म्हणाला, "मला ऐकू येत नाही, साहेब. सकाळची तीनशे छत्तीस चाकं मी वाजवली, पण ऐकली की नाही ते सांगता येणार नाही."

"हळू बोल, बाबा," यार्डमास्तर म्हणाले. त्यांनी उठून दार लावले. "इतकी वर्षं काही झालंय का? नाही ना? मग आजची जाऊ दे. तू घरी जा, कान बरा कर, पुढच्या आठवड्यात आपण शांतपणे बोलू. सोळाच महिने राहिलेत तुझे."

"माझे सोळा महिने राहिलेत. गाडीला पन्नास मिनिटं."

"आणि मी ऐकलं नाही तर?"

"तर मी इंजिनासमोर उभा राहतो," भाऊ म्हणाला. यात राग नव्हता. आपण कुठे उभे असू, ते वरिष्ठांना आधी कळवावे, अशा रीतीने तो बोलला.

यार्डमास्तरांनी संध्याकाळच्या पाळीच्या माणसाला बोलावले. हा माझ्या भावाचा अठरा वर्षांपासूनचा जोडीदार. त्याला थोडक्यात सांगितले. तो हातोडी घेऊन बाहेर गेला. माझा भाऊ कंदील धरून त्याच्यामागे निघाला. मी आणि भावजय ऑफिसच्या छपराखाली उभ्या राहिलो.

जोडीदार एकेका चाकावर हातोडी मारीत होता. आम्हाला तेथून प्रत्येक टण्ण स्पष्ट ऐकू येत होता. भाऊ चाकाकडे पाहत नव्हता. तो जोडीदाराच्या चेहऱ्यावर कंदील धरून, चाक कसे वाजले ते त्याच्या तोंडावरून समजून घेत होता. जोडीदाराने एकदा सांगितले, "अरे, उजेड डोळ्यात जातोय." भावाने कंदील बोटभर खाली घेतला.

एकोणतिसाव्या डब्याशी जोडीदार थांबला. त्याने पुन्हा मारले. तिसऱ्यांदा मारले. भावजयीने माझा दंड धरला. जोडीदार खाली वाकला, त्याने चाकाच्या आतल्या अंगाला चिकटलेला चिखलाचा मोठा गोळा हातोडीच्या दांड्याने पाडला आणि पुन्हा मारले. टण्ण.

सगळी गाडी व्हायला दोन तास दहा मिनिटे लागली. तीनशे छत्तीस चाके धड निघाली. एकाही डब्यावर फुली पडली नाही.

"सगळी धड," यार्डमास्तर म्हणाले. ते रागावले होते, पण कोणावर ते त्यांना ठरवता येत नव्हते. "गाडी पावणेदोन तास उशिरा. वरून विचारतील. काय लिहू?"

"चाकं धड आहेत असं लिहा," भाऊ म्हणाला. "सकाळी मीही तेच लिहिलं होतं. पण ते मी माहीत नसताना लिहिलं होतं."

त्याने आपली हातोडी आणि खिशातील खडू टेबलावर ठेवला. यार्डमास्तरांनी हातोडी कपाटात ठेवली आणि सांगितले की सोमवारपासून कंदिलांच्या खोलीत यायचे. तेथे काचा पुसणे आणि वाती कापणे हे काम असते, आणि कंदील यार्डभर नेऊन टांगावे लागतात. भावाने विचारले, "म्हणजे बाहेर फिरावं लागणारच?"

"लागेल. वारा तोच आहे."

"मग टोपी लागेल," भाऊ बायकोला म्हणाला.

आम्ही पोचलो तेव्हा दुकानदार दार अर्धे खाली ओढून घेत होता. त्याने आम्हाला पाहून ते पुन्हा वर केले.

"कुठली दाखवू?"

"सगळ्यात उबदार."

दुकानदाराने मेंढीच्या कातड्याची जाड टोपी काढली. टोपी निवडण्याची खरी रीत त्याने आता सांगितली. कपाळ आणि टोपी यांच्यामध्ये एक बोट जावे, दोन जाऊ नयेत. बंद बांधून मान जोराने हलवावी. भावाने सांगितल्याप्रमाणे सर्व केले. मग तो आरशासमोर उभा राहिला. आजवर त्याने टोपी ऐकण्यासाठीच पारखली होती, तिच्यात आपण कसे दिसतो हे पाहण्याचा प्रसंग आला नव्हता. त्याने डावीकडून पाहिले, उजवीकडून पाहिले, आणि पाळ्या खाली करून गाठ मारली.

"कशी दिसते?"

"कोळशाच्या पोत्याचं तोंड बांधल्यासारखी," भावजय म्हणाली.

"काय?"

ती जवळ गेली. तिने हनुवटीखालची गाठ सोडली, उजव्या कानावरची पाळी वर धरली आणि सगळ्या दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितले, "छान दिसते म्हटलं!"

"मग हीच घेऊ," भाऊ म्हणाला.

दुकानदाराने माझ्याकडे पाहिले आणि मी दुकानदाराकडे. भावजयीने पाळी खाली केली आणि गाठ पुन्हा घट्ट मारली.